लाडूला नोकरी हवी आहे

ताई,
आमच्याकडे दोन वर्षांचा बीगल आहे, नाव लाडू. मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो. सकाळी साडेआठला निघतो आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून घरी यायला आठ वाजतात. घरी सासूबाई असतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना त्याला खाली नेणं जमत नाही. म्हणून डॉग वॉकर ठेवलाय, सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास. शिवाय रोज रात्री मी सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेत, पंचवीस मिनिटं बॉल फेकते. एवढं करूनही दुपारी चार वाजले की याच्या अंगात येतं. आत्तापर्यंत सोफ्याचे दोन कोपरे, एक रिमोट, नवऱ्याच्या चपला आणि सासूबाईंचे दोन चष्मे गेले. चष्मा तर तो त्या समोर बसलेल्या असतानाच उचलतो आणि डायनिंग टेबलाखाली पळतो. बाल्कनीतून खालच्या प्रत्येक कुत्र्यावर भुंकतो, त्यावरून सोसायटीचं पत्रही आलंय. खेळण्यांवर सात-आठ हजार गेले, पेटीभर पडली आहेत, त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. शेजारी म्हणतात दुसरा कुत्रा आणा, सोबत होईल. नवरा म्हणतो वय वाढलं की शांत होईल. सासूबाई म्हणतात गावाला कोणाला तरी देऊन टाका. मी काय करू? अजून कोणती खेळणी घेऊ?
– एक वैतागलेली सून, कासारवडवली

प्रिय सूनबाई,

आधी खेळण्यांची ती पेटी उचलून माळ्यावर टाका. ती पुन्हा काढायची आहे, पण महिनाभराने. आणि नवीन काहीही विकत आणू नका. तुमच्या पत्रातली माझ्या कामाची ओळ चष्म्याची आहे.

‘त्या समोर बसलेल्या असतानाच उचलतो.’ हे तुम्ही वैतागून लिहिलंत आणि मला वाचताना हसू आलं (सासूबाईंना सांगू नका). कंटाळलेला कुत्रा सापडेल ते चावतो. रिमोट आणि चपला त्यातच गेल्या. पण माणूस समोर बसलेलं असताना, त्याच्या डोळ्यांदेखत चष्मा पळवणं हे प्रकरण वेगळं आहे. चष्मा उचलल्यावर घरात काय होतं ते आठवून बघा. सासूबाई ओरडतात, खुर्चीतून उठतात, कण्हत टेबलाखाली वाकतात. तुम्ही घरी असलात तर तुम्ही एका बाजूने जाता, नवरा दुसऱ्या बाजूने येतो. एका बीगलसाठी अख्खं घर गुडघ्यांवर! लाडूने काहीतरी केलं आणि त्यामुळे काहीतरी घडलं, असं तुमच्या घरात दिवसातून एवढ्या एकाच वेळी होतं. हा खेळ त्याने स्वतः शोधून काढलाय आणि त्यात तो रोज जिंकतो. मी त्याच्या जागी असते तर मीही चष्माच उचलला असता.

आता त्याच्या बाकीच्या दिवसाचा हिशेब मांडू. सकाळी वॉकर येतो. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कधी परतायचं, सगळं वॉकर ठरवतो. घरी आलं की वाटीत खाणं पडतं, ते दोन मिनिटांत संपतं. बीगल आहे म्हणजे दोन मिनिटं हासुद्धा माझा उदार अंदाज. मग चार वाजेपर्यंत काही नाही. संध्याकाळी पुन्हा वॉकर, पुन्हा वाटी. रात्री तुम्ही बॉल फेकता, तो आणतो, तुम्ही पुन्हा फेकता. यात त्याचे पाय भरपूर चालतात, डोकं मात्र सकाळी होतं तिथेच बसून असतं.

समजा, तुमच्या सासूबाईंना जांभळी नाक्याच्या बाजारात नेलं. हाताला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत भराभरा चालवलं. एकाही टोपलीपाशी थांबू दिलं नाही, मेथीची जुडी हातात घेऊ दिली नाही, भाव करू दिला नाही. घरी आणून वर म्हटलं, ‘झालं ना आता फिरून?’ त्या काय म्हणतील ते इथे छापता येणार नाही. लाडू रोज दोनदा असं ‘फिरून’ येतो.

त्यात तो बीगल आहे. त्याचे पूर्वज इंग्लंडात सशांच्या मागावर टोळीने धावायचे, नजरेने नाही, जमिनीवरच्या वासाच्या रेषेवरून. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख, बीगलच्या नाकात २० कोटींच्या वर. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर बीगल कामाला लावले, प्रवाशांच्या सामानातून चोरून आणलेली फळं आणि मांस हुडकायला. जाकीट घालून ते आजही बॅगांच्या रांगेतून हिंडतात. सुरुवातीच्या प्रशिक्षणात त्यांना जे मोजके वास शिकवतात त्यात आंब्याचा वास असतो, म्हणजे आपल्या लोकांची तिथे चांगलीच पंचाईत. लाडूचे भाऊबंद असे सरकारी नोकरीत आणि लाडू कासारवडवलीच्या टू बीएचकेत सोफ्याचा कोपरा सोलतोय. त्यालाही नोकरी हवी आहे. बाल्कनीत उभं राहून सोसायटीची बिनपगारी वॉचमनकी त्याने म्हणूनच पत्करली आहे.

स्वीडनच्या कृषी विद्यापीठात झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातले कुत्रे बीगलच होते. कुत्र्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला छोटं काम शिकवलं, पियानोची पट्टी दाबणं किंवा पॅडल दाबून घंटा वाजवणं असलं काहीतरी. काम झालं की फाटक उघडायचं आणि बक्षिसाकडे जाता यायचं. जोडीदारालाही तेच बक्षीस, तेवढ्याच वेळाने मिळायचं, पण त्याने काहीही केलं तरी फाटक आपल्या मर्जीने उघडायचं. म्हणजे दोघांच्या पोटात पडलेलं सारखंच. तरी ज्यांनी आपल्या करणीने फाटक उघडलं त्यांच्या शेपट्या जास्त हलल्या, ते प्रयोगाच्या खोलीकडे ओढीने निघायचे. दुसरे हळूहळू आत जायलाच नाखूश होऊ लागले. बक्षीस मिळण्यात मजा होतीच, पण ‘हे मी केलं’ यात जास्त होती. लाडूच्या सगळ्या उपद्रवाकडे एकदा या नजरेने बघा.

खूप दमवला की शांत होतो, हा समज माझाही होता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी अल्सेशियन होता. ऐकत नाही म्हणून मी त्याला रोज पहाटे उपवनच्या बाजूला पळवायला न्यायला लागले. आधी दोन किलोमीटर, मग चार, मग सहा. तीन महिन्यांत कुत्रा खेळाडू झाला आणि मी कंबरदुखीने अंथरुणाला खिळले. मी झोपलेली आणि तो दारात पट्टा तोंडात धरून उभा. दमसास वाढवून दिला तर तो तेवढंच मागणार, हे इतकं साधं, पण मला कळायला कंबर जावी लागली. तुमच्या बॉलचंही तेच होतंय. पंचवीस मिनिटं तोच बॉल, तीच धाव, आणि तीही झोपायच्या आधी. त्याने कुत्रा निवण्याऐवजी पेटतो. बॉल आठवड्यातून दोनदा, पाच-सात मिनिटं, बस. चार-पाच वेळा फेकून झाला की सहाव्यांदा तो न दिसेल असा गवतात लपवा आणि त्याला हुडकू द्या. धाव तीच, पण आता त्यात काम आलं.

पहिला बदल खाण्याच्या वाटीपासून करा. वाटी बंद. दिवसाचं जेवढं खाणं डॉक्टरांनी ठरवून दिलंय तेवढंच सकाळी एका डब्यात मोजून काढा आणि दिवसभर जे काही द्याल ते त्या डब्यातूनच. एक दाणाही वर नाही. बीगल दिसता दिसता फुगतात आणि मग सांधे कुरकुरतात.

सकाळी निघताना एक जुना टॉवेल घ्या, त्यावर तिसरा हिस्सा ड्राय फूड पसरा आणि टॉवेलची सैल गुंडाळी करा. सुरुवातीला अगदी सैल, नाकाने ढकललं की उलगडेल अशी. जमायला लागलं की घट्ट, मग एक गाठ, मग तो टॉवेल पुठ्ठ्याच्या खोक्यात. तुम्हाला याला दोन मिनिटं लागतील, त्याला पंधरा. ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके तुमच्याकडे निघतच असतील. त्यांच्या चिकटपट्ट्या आणि पिना काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे टाका आणि बोळ्यांत दाणे. तो खोका फाडेल, घरभर कागद होतील. होऊ द्या. फाडणं ही कुत्र्याची गरज आहे आणि कागद सोफ्यापेक्षा स्वस्त. फक्त तो कागद फाडतोय की गिळतोय एवढं पहिले काही दिवस बघा. गिळणारा असेल तर खोका बाद, टॉवेल चालू.

इडलीपात्र ही माझी सगळ्यात आवडती वस्तू. एक ताटली जमिनीवर ठेवा, खळग्यांत चार-चार दाणे टाका आणि प्रत्येक खळग्यावर एक बॉल. माळ्यावर टाकलेल्या पेटीतले बॉल एवढ्यासाठी खाली आणायला माझी परवानगी आहे. या असल्या वस्तू बाजारात हजार-पंधराशेला मिळतात, रंगीत असतात, आणि कुत्र्याने दोन दिवसांत उलगडा केला की शोभेला उरतात. इडलीपात्राचं तसं होत नाही, रविवारी ते घासून इडल्यांनाही घेता येतं.

आता चार वाजताचं. ही वेळ काही गूढ नाही. सकाळपासून झोप झालेली असते, उन्हं कलतात, जिन्यात शाळेतून आलेल्या पोरांचे पाय वाजतात, आणि कुत्रा हा मुळात पहाटे आणि सांजेला चपळ होणारा प्राणी. चार वाजता तो कामावर हजर होतो आणि घरात काम नसतं. म्हणून पावणेचारला काम द्यायचं, आणि ते देणार सासूबाई.

हो, सासूबाईच. त्यांना जागचं उठायला लागणार नाही. त्यांनी खुर्चीत बसायचं, समोर बुटकं टीपॉय, त्यावर तीन स्टीलच्या वाट्या पालथ्या. एका वाटीखाली, लाडूच्या समोरच, दाणा ठेवायचा. ‘शोध’ म्हणायचं. त्याने नाकाने बरोबर वाटी ढकलली की दाणा त्याचा. तीन-चार दिवसांनी वाट्यांची अदलाबदल. मग तो बघत नसताना ठेवायचं. दहा डाव झाले की ‘संपलं’ म्हणून दोन्ही तळवे उघडून दाखवायचे आणि वाट्या उचलायच्या, नाहीतर तो साडेपाचपर्यंत टीपॉयपाशी बसेल. दुपारी कामाला मावशी येत असतील तर त्यांना पाच मिनिटं जास्त मागा. लाडूला बेडरूममध्ये ठेवून त्यांनी हॉलभर दहा ठिकाणी तीन-तीन दाणे लपवायचे, खुर्चीच्या पायामागे, पडद्याखाली, दाराच्या फटीत. मग दार उघडायचं. पहिले दोन-तीन दिवस सोप्या जागा. एकदा सापडतं हे कळलं की तो फ्रीजच्या मागेसुद्धा हुडकेल. नाक लावून केलेला पंधरा मिनिटांचा शोध कुत्र्याला जसा निवांत करतो तसा एक तासाचा बॉलही करत नाही. हे मी शेकडो घरांत बघितलंय, आणि दरवेळी घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘हा आजारी तर नाही ना, झोपला कसा?’

संध्याकाळी चाटायला काहीतरी द्या. बिनसाखरेचं दही आणि उकडलेला लाल भोपळा एकत्र करून पोकळ रबरी खेळण्यात भरा (पेटीत एखादं असणारच) आणि फ्रीझरमध्ये गोठवा. गाजर, काकडी, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन, शिळी भाकरी हे सगळं थोडं थोडं चालतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट अजिबात नाही. शिजवलेलं हाडही नाही, ते फुटून आतड्यात टोचतं. पीनट बटर द्यायची फॅशन आली आहे. ते देत असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलंय का ते आधी वाचा, ती गोडी कुत्र्याला जिवावर बेतू शकते. सासूबाई प्रसादाचा शिरा त्याला भरवत असतील तर तेही बंद. त्यातला मनुका तुम्हाला दिसणार नाही, त्याला बरोबर सापडेल.

चष्म्याच्या खेळातला रस काढायचा तर एकच उपाय आहे, आजपासून कोणीही त्याच्या मागे धावायचं नाही. तो चष्मा घेऊन टेबलाखाली गेला तर सासूबाईंनी डब्याचं झाकण वाजवायचं, ‘दे’ म्हणायचं आणि चार दाणे खुर्चीजवळ टाकायचे. तो चष्मा सोडून येईल. हा व्यवहार आधी निरुपयोगी वस्तूंवर पक्का करा, लाकडी चमचा, जुना मोजा. वस्तू दिली की बदल्यात चांगलं मिळतं आणि कधीकधी ती वस्तूही परत मिळते, हे त्याला पटलं पाहिजे. तुम्ही म्हणाल ही लाच झाली. मी याला रोखीचा व्यवहार म्हणते. तोंडात बोटं घालून ओढून घेऊ नका. असं वर्षभर केलं की साधा गोड कुत्राही एक दिवस गुरगुरतो.

वॉकर बदलू नका, त्याला काम वेगळं सांगा. त्याची अडचणही समजून घ्या, सकाळी त्याला पाच-सहा घरं उरकायची असतात आणि हातात बऱ्याचदा एकाच वेळी तीन पट्टे असतात. थोडे पैसे जास्त द्या, पण लाडूला एकट्याला न्यायचं. गळ्याला फास बसणारा पट्टा असेल तर तो काढून छातीचा हार्नेस, आणि हातभर दोरीऐवजी तीन मीटरची. सर्व्हिस रोडवर मेट्रोच्या खांबांखालून धूळ खात सरळ चालवत नेण्यात काही अर्थ नाही. सोसायटीच्या मागच्या कंपाउंडची भिंत, झाडांच्या कडेचा मातीचा पट्टा, पार्किंगचे कोपरे, तिथे न्यायचं आणि थांबायचं. फाटकाबाहेर आल्यावर डावीकडे की उजवीकडे हे लाडू ठरवेल. एका खांबाला चार मिनिटं लागली तर लागू द्यात, तिथे काल रात्रीपासून कोण कोण येऊन गेलं, कोण आजारी आहे, कोणती कुत्री माजावर आहे, सगळं लिहिलेलं असतं. ओढायचं नाही. अर्ध्या तासात तो दोन इमारतींच्या पुढे गेला नाही तरी मला चालेल. वॉकरला चालेल का, हे तुम्ही बघा.

हुंगण्याचं हे खूळ माझं एकटीचं नाही. शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या दोन अभ्यासक बायकांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरच्या पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाने दोन आठवडे रोज वास घेऊन खाऊ शोधायचा सराव केला, दुसऱ्याने मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा. खाऊ दोघांनाही मिळायचा. आधी आणि नंतर एक चाचणी घेतली. खाऊची वाटी एका ठरलेल्या जागी भरलेली असते, दुसऱ्या जागी रिकामी, आणि मग वाटी मधल्याच कुठल्यातरी जागी ठेवायची. भरलेली असेल की रिकामी? हुंगणारे कुत्रे दोन आठवड्यांनी त्या शंकेच्या वाटीकडे आधीपेक्षा लवकर जायला लागले, म्हणजे ‘असेल काहीतरी’ अशा उमेदीने. शिस्तीत चालणाऱ्यांत तसा फरक पडला नाही. शिस्त वाईट असं मी म्हणत नाही, लिफ्टमध्ये ती लागतेच. पण दिवसाचा सगळा वेळ शिस्तीला आणि हुंगायला शून्य, असं नको.

आठवड्यातून एकदा तुम्ही दोघं त्याला नव्या जागी न्या. रविवारी सकाळी सातच्या आत कोलशेतला खाडीच्या बाजूला गेलात तर ओहोटीच्या चिखलाचा तो वास, जो आपल्याला नकोसा होतो, त्याच्यासाठी मेजवानी असतो. येऊरला मात्र नेऊ नका. बरेच जण हौसेने नेतात. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत आणि बिबट्याच्या खाण्यात कुत्रा असतो. झाडीच्या कडेला नाक खाली घालून रमलेला बीगल म्हणजे त्याला ताटात वाढून ठेवल्यासारखं.

उन्हाळ्यात खाली नेण्याआधी तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला धरवलं नाही तर त्याच्या पंजांनाही धरवणार नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याला तोंड लावू देऊ नका आणि लेप्टोची लस दरवर्षी चुकवू नका, आपल्याकडे ती गरजेची आहे. धो धो पडत असेल त्या दिवशी खाली फक्त शी-शूपुरतं, बाकीची नोकरी घरात. टॉवेल, खोका आणि वाट्या आहेतच.

बाल्कनीच्या ग्रिलला खालून अडीच-तीन फूट चटई किंवा बांबूची चीक बांधा. दिसलं नाही की निम्मं भुंकणं थांबतं. उरलेल्यासाठी, तो भुंकायच्या आधी कान टवकारतो त्याच क्षणी हाक मारून जमिनीवर दाणे टाकायचे. सोसायटीच्या पत्राला उत्तर द्या, ‘उपाय सुरू केले आहेत, महिनाभर द्या’ असं दोन ओळींचं. चिडून नियम दाखवत बसू नका. तुम्हाला त्याच लिफ्टने रोज वर-खाली करायचं आहे.

शेजाऱ्यांच्या सूचनेवर मी जास्त वेळ घालवत नाही. दुसरा कुत्रा आणलात तर एकाऐवजी दोन कंटाळलेले कुत्रे होतील, आणि चष्मा पळवायची कला पहिला दुसऱ्याला आठवड्यात शिकवेल.

नवऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. दोन वर्षांचा बीगल म्हणजे नुकतंच मिसरूड फुटून गेलेला तरुण, अजून थोडा निवेल. पण चष्म्यामागे घर धावतं ही सवय वयाने जात नाही, ती मुरते.

एक तपासून घ्या. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे सगळं बरेच महिने चालू आहे असं दिसतं. पण वागण्यात अचानक बदल झाला असेल, खाणं कमी झालं असेल, तो मलूल असेल किंवा सांध्याला हात लावू देत नसेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपासा. गोचीड-ताप आपल्या भागात बारमाही आहे. आणि एखाद्या दिवशी सासूबाई बाहेर गेल्या आणि लाडू खरोखर एकटा राहिला तर फोनचा कॅमेरा लावून त्याचं चित्रीकरण करा. कंटाळलेला कुत्रा एकटा असताना टॉवेलमधले दाणे खातो आणि झोपतो. जो खाण्याला तोंडच लावत नाही, दार ओरबाडतो, लाळ गाळतो, रडत राहतो, त्याचा त्रास वेगळा. तसं दिसलं तर पुन्हा लिहा, त्याला खेळ पुरत नाहीत.

हे सगळं मिळून दिवसाला तासाभराचंच काम आहे आणि तेही तुकड्यांत. त्याहून जास्त करू नका. वयात आलेला कुत्रा दिवसाचे १२ ते १४ तास झोपतो, ती झोप त्याला हवी असते. दर अर्ध्या तासाला नवं कोडं पुढे केलंत तर तो चिडचिडा होईल. पहिल्या आठवड्यात तो टॉवेलवर उभा राहून भुंकेल, तुमच्याकडे बघेल, ‘उघडून दे’ म्हणेल. उघडून देऊ नका, पुढच्या वेळी सोपं करा. महिन्याने माळ्यावरची पेटी काढा, एका वेळी दोनच खेळणी बाहेर ठेवा आणि दर चार दिवसांनी बदला. त्याला ती नवीन वाटतील.

राहिल्या सासूबाई. गावाला द्या म्हणतात ते त्यांच्या जागी बरोबर आहे, दिवसभर घरात त्या एकट्याच त्याच्या तावडीत असतात. त्यांना हे सगळं कुत्र्याचं प्रशिक्षण म्हणून सांगू नका, ‘वाट्यांचा डाव तुम्हीच मांडा, आम्ही कोणी घरी नसतो’ असं सांगा. पण त्यांना डावात लबाडी करायची सवय असेल तर आधीच बजावा. माझ्या आईने आमच्या ठमीला (गावठी, काळी, वय अकरा) एकदा गंमत म्हणून तिन्ही वाट्या रिकाम्या ठेवून ‘शोध’ म्हटलं. ठमीने तिन्ही उलथल्या, आईकडे नीट बघून घेतलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. पुढचे चार दिवस आईने वाट्या मांडल्या की ती आधी येऊन आईची मूठ हुंगायची, आत खरंच काही आहे का ते बघायची आणि मगच खेळायला बसायची.